हेमलकशाचा दवाखाना आणि शुश्रूषेचा भार

27 नोव्हेंबर 1973 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच एका कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला. ड्युटी संपवून ती तळघरात कपडे बदलत होती. पुढची जवळजवळ बेचाळीस वर्षे ती त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून राहिली आणि सहकारी परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिची सेवा केली. हे बहुतेकांना माहीत असते. त्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या, हे मात्र सहसा कुणाला आठवत नाही. अरुणाची नीट काळजी घ्यावी आणि आमची कामाची परिस्थिती सुधारावी, अशी त्यांची मागणी होती. त्यानंतर महिनाही झाला नव्हता, तेव्हा राज्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या भामरागडच्या जंगलात, 23 डिसेंबर 1973 रोजी बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तरी मला त्या शेजारी ठेवून वाचाव्याशा वाटतात, कारण रोग्याची काळजी घेणाऱ्या माणसाची काळजी कोण घेणार, हा प्रश्न दोन्हीकडे आहे. मुंबईत तो उघडपणे विचारला गेला. हेमलकशाला तो कुणी शब्दांत मांडला नाही, पण त्याचे एक उत्तर तिथे कामाच्या ओघात तयार होत गेले.

हेमलकशाची गोष्ट मराठी वाचकाला त्यागाची गोष्ट म्हणून ठाऊक आहे. डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’ घरोघरी पोचले, 2008 मध्ये प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, 2014 मध्ये चित्रपट आला. या सगळ्यातून एका विलक्षण धैर्याच्या जोडप्याचे चित्र मनावर ठसले आणि ते खरेही आहे. पण त्या चित्रामुळे एक गोष्ट झाकली जाते. अर्धशतक टिकणारा दवाखाना केवळ धैर्यावर चालत नाही. माझे म्हणणे असे की हेमलकशाच्या कार्यकर्त्यांना टिकवले ते तिथल्या कामाच्या रचनेने. आज रुग्णालयांत, आरोग्य केंद्रांत ‘ताणतणाव व्यवस्थापना’ची शिबिरे भरतात, श्वासावर लक्ष ठेवायला शिकवले जाते, मन वर्तमानात ठेवण्याचे तंत्र सांगितले जाते. त्याला माझा विरोध नाही. पण परिचारिकेचा ताण खरोखर कमी करायचा असेल तर आधी हेमलकशाची ही रचना समजून घेतली पाहिजे.

सुरुवातीची परिस्थिती आज कल्पनेत आणणेही अवघड आहे. आलापल्लीपासून साठेक किलोमीटर आत, पावसाळ्यात नाल्यांनी तुटणारा रस्ता. जवळच पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती यांचा संगम. पाणी चढले की भामरागड आजही जगापासून वेगळे पडते, तेव्हा तर महिनेच्या महिने पडत असे. वीज कित्येक वर्षे आली नाही. बाबा आमटे यांच्या आनंदवन या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीतून आलेल्या कार्यकर्त्यांनी झोपड्या उभ्या केल्या. या कार्यकर्त्यांत कुष्ठरोगातून बरी झालेली माणसेही होती. 1974 मध्ये प्रकाश आमटे शल्यचिकित्सेचे पुढचे शिक्षण सोडून तिथे आले, सोबत भूलतज्ज्ञ मंदाकिनी. आसपासचा माडिया समाज मराठी बोलत नव्हता आणि त्याने डॉक्टर पाहिलेला नव्हता. दुखले-खुपले की गावचा पुजारी होता. रोगी येत ते बहुतेक अखेरच्या घटकेला, खाटेला बांबू बांधून तिची कावड करून, दिवसदिवस चालत. अस्वलाने चेहरा फाडलेली माणसे, विस्तवात पडून भाजलेली मुले, साप चावलेले, क्षयाने हाडांचा सापळा झालेले, अडलेल्या बाळंतिणी, आणि सगळ्यांत जास्त मेंदूच्या मलेरियाचे रोगी.

मेंदूचा मलेरिया म्हणजे शुश्रूषेच्या दृष्टीने काय, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. रोगी तापाने फणफणलेला असतो, शुद्ध हरपलेली असते, मध्येच झटके येतात. क्विनाइन शिरेतून द्यायचे तर ते सावकाश, थेंब मोजून द्यावे लागते. वेग वाढला तर रक्तदाब कोसळू शकतो, शिवाय या औषधाने रक्तातली साखर उतरते, आणि बेशुद्ध माणसाची साखर उतरली आहे हे वरवर पाहून कळत नाही. म्हणजे कुणीतरी रात्रभर जवळ बसायला हवे. घड्याळ पाहून थेंब मोजायचे, सुई शिरेतून निसटली नाही ना पाहायचे, अंग पुसायचे, कूस बदलायची, झटका आला की लाळ किंवा उलटी श्वासमार्गात जाऊ नये म्हणून डोके वळवून धरायचे. हे कंदिलाच्या उजेडात. आणि एवढे करूनही पहाटे ते मूल दगावू शकते. अशा एका रात्रीनंतर माणूस पुन्हा दुसऱ्या रात्री उभा राहतो कसा? शुश्रूषेच्या कामातल्या ताणाचा सगळा प्रश्न या एका ठिकाणी येऊन थांबतो.

हेमलकशाला याचे उत्तर असे होते की त्या रात्री कुणी एकटे नसे. पहिली गोष्ट, रोग्याचे घर त्याच्याबरोबर आलेले असे. नातेवाइकांना भेटीची वेळ ठरवून बाहेर काढायचे, ही शहरी रुग्णालयाची रीत तिथे आलीच नाही. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली तीन दगडांची चूल मांडून माणसे राहत, स्वतःचे शिजवून खात, रोग्याला भरवत, धरत, पुसत. शुश्रूषेचा मोठा भाग अशा रीतीने त्याच्या स्वतःच्या माणसांकडे राहिला. दुसरी गोष्ट, दवाखान्यात कामाची उतरंड फार चढली नाही. भूल देणाऱ्या डॉक्टर मंदाकिनी जखमा धूत होत्या, बाळंतपणे करत होत्या, औषधे देत होत्या. कुठलेही काम ‘खालच्या’ माणसाचे म्हणून ढकलायला खाली कुणी नव्हते. तिसरी गोष्ट भाषा. डॉक्टरच माडिया शिकले. रोगी काय सांगतो ते कळणे आणि आपण सांगतो ते त्याला कळणे, यात आरोग्य कर्मचाऱ्याचा किती मनस्ताप वाचतो, हे दुभाष्यामार्फत काम केलेल्या कुणालाही विचारावे. पुढे माडिया तरुणच दवाखान्यात शिकून तयार झाले. मलेरियासाठी रक्तनमुने घेणे, गोळ्या देणे, मलमपट्टी करणे ही कामे गावातल्या माणसाच्या हाती गेली. त्यांच्यासाठी ही नोकरी म्हणजे परमुलखातली बदली नव्हती, ते त्यांचेच गाव होते.

आणि चौथी गोष्ट, जिच्याकडे मजेशीर तपशील म्हणून पाहिले जाते: दवाखान्याबाहेरचे आयुष्य. 1976 मध्ये आश्रमशाळा निघाली. शिकाऱ्यांकडून सोडवून आणलेल्या पिलांपासून सुरू झालेले प्राण्यांचे अनाथालय वाढत गेले. शेती होती, बांधकाम होते. विलास आणि रेणुका मनोहर यांच्यासारखे कार्यकर्ते आज एक काम तर उद्या दुसरे, असे जगत होते. विलास मनोहरांचे ‘नेगल’ हे पुस्तक त्या प्राण्यांच्या सहवासातूनच आले. दिवसभर मरणाच्या कडेला काम करणाऱ्या माणसाला संध्याकाळी वाढत जाणारे काहीतरी हाताला लागते, मग ते मूल असो, बछडा असो की रोप, ही मनाच्या आरोग्याची फार मोठी सोय होती. कुणी ती योजून केली नव्हती. म्हणून तिचे मोल कमी होत नाही.

ही रचना किती वेगळी होती हे कळायला मोठ्या रुग्णालयांकडे पाहावे. इझाबेल मेंझिस या मनोविश्लेषक बाईंनी लंडनच्या एका शिकवणाऱ्या रुग्णालयातल्या परिचारिकांचा अभ्यास 1960 मध्ये प्रसिद्ध केला. तिथे शिकाऊ परिचारिका मोठ्या संख्येने काम सोडून जात होत्या. मेंझिस यांना दिसले ते असे: रुग्णालयाने काम बारीक तुकड्यांत वाटले होते. एका परिचारिकेने एका रोग्याचे सगळे करायचे नाही, तिने तीस रोग्यांचे एकेकच काम करायचे. रोग्याला नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने किंवा रोगाच्या नावाने ओळखायचे. परिचारिकेला एका वॉर्डात रुजू द्यायचे नाही. हेतू हा की ओढ लागू नये, म्हणजे दुःख होणार नाही. परिणाम उलटा झाला. दुःख टळले नाही आणि काम केल्याचे समाधान मात्र गेले. आपल्याकडच्या जिल्हा रुग्णालयांनी आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी ही तुकड्यांची पद्धत जशीच्या तशी उचलली, वर रोग्यांची संख्या कित्येक पटींनी वाढवली. हेमलकशाला तुकडे करायला माणसेच नव्हती. तिथे रोगी नावाने आला, बरा होऊन नावाने गेला, आणि पुढच्या वर्षी आपल्या गावचा दुसरा रोगी घेऊन आला. आपल्या कामाचे फळ समोर चालत येताना दिसणे, हे औषध कुठल्याही शिबिरात मिळत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. ही सगळी आमटे कुटुंबाच्या ध्येयवादाची करणी आहे, रचना-बिचना काही नाही. असे वेडे लोक रोज जन्मत नाहीत, मग त्यांच्यावरून नियम कसा काढणार? आक्षेप वजनदार आहे, पण इतिहास त्याच्या बाजूने नाही. प्रकाश आमटे हेमलकशाला आले त्याच वर्षी, 1974 मध्ये, न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने ‘बर्नआउट’वरचा आपला पहिला लेख लिहिला. तो कुठे पाहून लिहिला? कंटाळलेल्या सरकारी कचेरीत नव्हे, गरिबांसाठी चालवलेल्या मोफत दवाखान्यात. ध्येयाने झपाटलेले स्वयंसेवक वर्षभरात कसे करपून जातात, चिडचिडे आणि कोरडे होतात, हे त्याने तिथे पाहिले आणि स्वतःमध्येही अनुभवले. सर्वांत आधी जळतात ते सर्वांत समर्पित, हे त्याचे निरीक्षण पुढे अनेकांनी तपासले. तेव्हा ध्येयवाद हे हेमलकशाच्या टिकण्याचे कारण असू शकत नाही. ध्येयवाद एकटा असता तर तो दवाखाना चार-पाच वर्षांत रिकामा झाला असता. ध्येयवाद्यांना जळू न देणारे काहीतरी तिथे होते. पुढे आमटे दांपत्याचा मुलगा दिगंत आणि सून अनघा हे डॉक्टर दांपत्य तेच काम करू लागले, यातही मला वारशाइतकीच त्या रचनेची साक्ष दिसते. जिथे आईवडील करपून गेले, तिथे मुले परत येत नाहीत.

आता त्याच जंगलात सरकारने काय उभे केले ते पाहू. योगायोगाने तेही 1973 पासूनच. त्या वर्षी कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय आरोग्य कर्मचाऱ्यांची कल्पना मांडली आणि गावोगावच्या एएनएमकडे, म्हणजे लोकांच्या भाषेतल्या सिस्टरकडे, बाळंतपणाबरोबर लसीकरण, कुटुंब नियोजन, मलेरिया, नोंदी असे सगळे आले. पुढे डोंगरी आणि आदिवासी भागात 3,000 लोकसंख्येला एक उपकेंद्र, सपाट भागात 5,000 ला, असे प्रमाण ठरले. कागदावर ही आदिवासींना दिलेली सवलत आहे. पण भामरागड, एटापल्ली भागात 3,000 माणसे म्हणजे जंगलात विखुरलेली कित्येक गावे आणि टोले, मध्ये नाले, काही ठिकाणी पावसाळाभर वाट बंद. 1980 नंतर त्यात नक्षलवादी आणि पोलीस यांच्यामधली दहशत आली. त्या उपकेंद्रात एक बाई एकटी राहते. रात्री दार वाजले तर ते बाळंतपण आहे की आणखी काही, हे दार उघडल्याशिवाय कळत नाही. तिच्याजवळ डॉक्टर नाही, रक्तस्राव थांबला नाही तर गाडी येईल की नाही याची खात्री नाही, पण माता दगावली तर चौकशी तिची होते. अंगावर जबाबदारी सगळी आणि हातात अधिकार जवळपास शून्य. हेमलकशात ज्या गोष्टी होत्या त्यांतली एकही तिच्या वाट्याला नाही: सोबत नाही, रोग्याशी सलग नाते नाही, बहुधा भाषा नाही, आणि कामाबाहेरचे आयुष्य तिच्या नवऱ्यामुलांसह तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी राहिलेले.

हे कुणाला माहीत नव्हते असे नाही. 1946 च्या भोर समितीने परिचारिकांच्या हलाखीच्या राहणीबद्दल लिहिले. 1954 मध्ये शेट्टी समितीने, 1989 मध्ये सरोजिनी वरदप्पन यांच्या समितीने त्यांच्या कामाच्या आणि राहण्याच्या अटींवर शिफारशी केल्या. दर पिढीला एक अहवाल आला आणि कपाटात गेला. आज त्याच प्रश्नाला मानसिक आरोग्याचे नाव देऊन तो परिचारिकेच्या मनात नेऊन ठेवला जातो, याची मला भीती वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आपल्या रोगवर्गीकरणात ‘बर्नआउट’ची नोंद केली तेव्हा तो आजार नसून कामाच्या जागेशी निगडित स्थिती आहे, असे स्पष्ट म्हटले. हे वाक्य आपल्या आरोग्य खात्याने भिंतीवर लावावे असे आहे.

‘ध्यानाने फायदा होतो, त्याचे पुरावे आहेत, मग ते नाकारायचे का?’ असे विचारणारे चुकीचे बोलत नाहीत. महाराष्ट्राला तर हे बाहेरून शिकायची गरजच नाही. 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतली विपश्यना शिबिरे होत आहेत. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी सजगतेवर आधारलेला आपला अभ्यासक्रम 1979 मध्ये एका वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला. पण तो कुणासाठी केला हे पाहणे महत्त्वाचे आहे. जुनाट वेदनांच्या ज्या रोग्यांसाठी औषधांनी हात टेकले होते, त्यांच्यासाठी. म्हणजे जे दुःख काढता येत नाही, त्याच्यासोबत जगायला शिकवण्याची ती विद्या आहे. त्याच 1979 साली रॉबर्ट कारासेक या अभ्यासकाने कामाच्या ताणाचा एक साधा सिद्धान्त मांडला: काम जास्त असणे एवढ्याने माणूस खचत नाही, काम जास्त आणि त्यावर आपला ताबा कमी, ही जोडी माणसाला खचवते. दोन्ही एकत्र ठेवले की वाट दिसते. समोरचे मूल प्रयत्नांची शिकस्त करूनही गेले, हे दुःख परिचारिकेच्या कामातून कधीच काढता येणार नाही. तिथे श्वास, मौन, प्रार्थना, जे ज्याला साधेल ते जरूर द्यावे. पण रिकामी पदे, रखडलेले मानधन, एकटीची रात्रपाळी, दहा रजिस्टरांत तीच माहिती, हे सारे काढता येण्याजोगे आहे. त्यावर ध्यान शिकवणे म्हणजे बुटातला खडा न काढता चालणाऱ्याला सहनशीलता शिकवणे.

हेमलकसा आज ज्या गडचिरोली जिल्ह्यात आहे, तिथेच याचा दुसरा पुरावाही आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या ‘सर्च’ने नव्वदीच्या दशकात नवजात बाळांच्या घरच्या घरी देखभालीचा प्रयोग केला. 39 गावांत गावातल्याच, बेताचे शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, ऊब देणे, श्वास मोजणे, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर इंजेक्शन देणे, इथपर्यंतचा अधिकार त्यांना मिळाला. त्यांच्या पाठीशी नियमित भेट देणारा पर्यवेक्षक होता. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले तेव्हा नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता. या प्रयोगाकडे बालमृत्यूच्या अंगाने पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. पण कामाच्या ताणाच्या अंगानेही पाहा. बाळ निळे पडताना समोर बघत बसण्याचा जो असह्य ताण असतो, त्याच्या जागी त्या बाईच्या हातात करण्याजोगे काहीतरी आले. कौशल्य, अधिकार आणि पाठीशी माणूस. पुढे 2011 पासून घरभेटींची ही पद्धत देशभर ‘आशा’ या गावपातळीवरच्या आरोग्य सेविकांकडे आली, 42 दिवसांतल्या ठरावीक भेटी पूर्ण केल्यावर 250 रुपये मोबदल्याने. काम पोचले; अधिकार आणि पाठबळ मात्र त्या प्रमाणात पोचले नाही.

हेमलकशाच्या रचनेलाही मर्यादा आहेत आणि त्या झाकू नयेत. तिथे घर आणि दवाखाना यांत भिंत नव्हती. रजा, पाळी, ठरलेले तास यांना जागा नव्हती. जो स्वेच्छेने आला त्याला ते पेलले; पगारी परिचारिकेकडून तशी अपेक्षा करणे हा अन्याय होईल. तिला घरी जाण्याचा हक्क आहे. सेवाभावाची स्तुती करून तिचे तास वाढवणे आणि वेतन दाबणे हे आपल्याकडे फार दिवस चालले आहे, आणि हेमलकशाच्या नावाचाही त्यासाठी वापर होऊ शकतो. म्हणून संप आणि संघटना हाही परिचारिकांच्या स्वास्थ्याच्या इतिहासाचाच भाग मानला पाहिजे. 1973 मध्ये मुंबईच्या परिचारिका रस्त्यावर आल्या, 2023 च्या अखेरीस आणि 2024 च्या सुरुवातीला राज्यातल्या आशा आणि गटप्रवर्तक आल्या, तेव्हा कुठे मार्च 2024 मध्ये आशांच्या मानधनात 5,000 रुपयांच्या वाढीचा शासन निर्णय निघाला. ज्या बाईला महिन्याचे पैसे कधी मिळतील हे माहीत नाही, तिच्या मनःशांतीसाठी वेळेवर जमा झालेल्या मानधनाइतके उपयोगी दुसरे काही नाही. हेमलकशाकडून त्याग घ्यायचा नाही, सोबत घ्यायची आहे. आणि ती सरकारला देता येण्यासारखी आहे.

आरोग्य खात्यात आणि जिल्हा परिषदेत निर्णय घेणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. दुर्गम भागातल्या प्रत्येक उपकेंद्रात दोन परिचारिका एकत्र राहतील अशी सोय करा, त्यातली एक तरी माडिया किंवा गोंडी बोलणारी असू द्या, रजेवर जाताना बदली माणूस द्या, आशांचे मानधन ठरलेल्या तारखेला द्या. ताणमुक्तीचे शिबिर त्यानंतर जरूर घ्या, आणि ते घ्यायच्या आधी भामरागडच्या सिस्टरला विचारा की तिच्या उपकेंद्रात रात्री तिच्यासोबत कोण असते.